जड डाय, लेथ, गिअरबॉक्स उचलताना बोटं कशी वाचवायची: क्रमवार पद्धत

क्रेनला टांगलेला माल अंगावर पडेल ही भीती सगळ्यांना असते, त्यामुळे माल वर असताना माणसं आपोआप लांब राहतात. बोटं जातात ती माल जमिनीपासून दोन इंचांवर असताना. माल उचलायच्या बेल्टला ताण येत असताना बेल्टवर ठेवलेला हात. डाय (प्रेसमध्ये पत्र्याला आकार देणारा जड साचा) टेकताना खालची लाकडी पट्टी सरळ करायला घातलेला हात. बोल्टचं भोक जुळलं का हे चाचपायला आत घातलेलं बोट. भोसरी असो, सातपूर असो की शिरोली, वर्कशॉप बदलतं, पण बोट सापडण्याच्या जागा त्याच राहतात.

"हात सांभाळा रे" असं ओरडून फार काही साधत नाही. हात तिथे जातो, कारण तिथे त्याला काम असतं: पॅकिंग (बेल्ट आणि धारदार कडेच्या मध्ये घालायचा तुकडा) धरायचं असतं, झोका थांबवायचा असतो, पट्टी सरकवायची असते. म्हणून खालच्या सगळ्या पायऱ्यांचा रोख एकच आहे. माल हलत असताना हाताला तिथे कामच उरणार नाही, एवढी तयारी आधी करून ठेवायची. उदाहरणं मुख्यतः प्रेसची डाय आणि लेथ यांची घेतली आहेत, पण गिअरबॉक्स, मोटर, मशीन व्हाइस किंवा मोल्ड उचलतानाही क्रम हाच.

## १. वजन आणि वजनाचा मध्य आधी काढा

मशीनच्या पाटीवर किंवा मॅन्युअलमध्ये वजन असेल तर तेच धरा. नसेल तर मोजून काढा. स्टीलचं वजन घनमीटरला साधारण ७,८५० किलो आणि कास्ट आयर्नचं साधारण ७,२०० किलो. समजा डाय ६०० मिमी लांब, ५०० मिमी रुंद आणि ४०० मिमी उंच आहे. घनफळ ०.१२ घनमीटर, म्हणजे भरीव धरली तर ९४२ किलो. आतले पोकळ भाग वजा करत बसू नका, तेवढं वजन जास्तच धरलेलं बरं. "सात-आठशे असेल" हा अंदाज इथे चालत नाही, कारण पुढचा बेल्ट, आय बोल्ट (डोक्याला गोल कडी असलेला बोल्ट) आणि शॅकल (पिन लावून बंद होणारी यू आकाराची कडी) याच आकड्यावरून निवडायचे आहेत.

वजनाचा मध्य कुठे आहे, याचा हाताशी थेट संबंध आहे. माल तिरका उचलला गेला की कोणीतरी तो सरळ करायला हात लावतोच. लेथ उचलताना हे हमखास होतं, कारण हेडस्टॉकची, म्हणजे चक फिरवणाऱ्या पेटीची, बाजू जड असते. उचलण्याआधी कॅरेज (टूल धरून बेडवर सरकणारा भाग) आणि टेलस्टॉक (समोरच्या टोकाचा सरकता आधार) टेलस्टॉकच्या टोकाकडे सरकवून घट्ट लॉक करा, म्हणजे मध्य थोडा बेडच्या मध्याकडे येतो. लॉक करायला विसरलात, तर लेथ जरा कलताच कॅरेज घसरते आणि तिला थांबवायला हात पुढे जातो. तसंच सुटे हँडल, चक की, टूल पोस्ट, कूलंटचा ट्रे असं जे जे घरंगळू शकतं ते काढून ठेवा.

नंतर माल जिथे ठेवायचा आहे तिथे आधी जाऊन या. रस्त्यात पाईप, तेल सांडलेलं, अरुंद दार, अर्ध्यात ठेवलेली ट्रॉली असं काय आहे ते बघा. ठेवायची जागा झाडून घ्या, कारण माल लटकत असताना खालचा चिप्सचा ढीग हाताने बाजूला करण्याचा मोह आवरत नाही. लाकडी पट्ट्या आत्ताच मांडून ठेवा. पट्टी मालाच्या दोन्ही बाजूंनी किमान एक फूट बाहेर आलेली हवी, म्हणजे ती हलवायची वेळ आली तरी हात मालाच्या सावलीबाहेर राहतो. जाडी किमान चार इंच ठेवा. एक-दीड इंचाच्या पट्टीवर माल टेकला की खालचा बेल्ट अडकतो आणि मग तो ओढून काढायला बोटं आत जातात.

तपासा: वजन आकड्यात माहीत आहे का? पोचण्याच्या जागी पट्ट्या मांडल्या आहेत का? यातलं एकही राहिलं असेल तर क्रेनचा हूक खाली आणू नका.

## २. उचलण्याचं सामान

प्रत्येक चेन ब्लॉक, बेल्ट, शॅकल आणि हुकावर सुरक्षित भार लिहिलेला असला पाहिजे. लिहिलेला नसेल तर ते सामान बाजूला काढा. कारखाने कायदा १९४८ च्या कलम २९ पासून चालत आलेला नियम सांगतो की उचलण्याची यंत्रं, साखळ्या, दोर यांची वर्षातून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून बारकाईने तपासणी व्हावी. पण वर्षातून एकदाची तपासणी रोजच्या नजरेची जागा घेत नाही. बेल्ट उन्हात, कूलंटमध्ये, ग्राइंडरच्या ठिणग्यांत पडून असतो, त्याची अवस्था आठवड्यात बदलते.

पॉलिएस्टरच्या बेल्टचा रंग बघूनच त्याची ताकद कळते: जांभळा १ टन, हिरवा २, पिवळा ३, राखाडी ४, लाल ५ टन. ही सरळ उभ्या टांगणीची ताकद आहे. गळफासासारखा गुंडाळून लावला की ती ८० टक्क्यांवर येते. कापलेला, कडेची शिवण उसवलेली, वितळून कडक झालेला किंवा लेबल नसलेला बेल्ट कापून टाका. नुसता कोपऱ्यात ठेवलात तर रात्रपाळीला तो परत हुकावर दिसेल.

वायर रोपला हाताने चाचपून बघू नका. तुटलेल्या तारांची टोकं मोज्यातून थेट बोटात जातात. कापडाची चिंधी रोपवरून फिरवा, तार तुटली असेल तर चिंधी अडकते. पिळा मारलेला किंवा फुगलेला रोप बाद.

आता कोनाचा हिशेब, कारण सगळ्यात जास्त चुका इथे होतात. दोन पायांच्या स्लिंगने ९४२ किलोची डाय उचलायची आहे. स्लिंग म्हणजे हुकापासून माल टांगणारा बेल्ट किंवा रोप, आणि हुकापासून मालापर्यंतची त्याची प्रत्येक बाजू म्हणजे एक पाय. प्रत्येक पायावर निम्मा, म्हणजे ४७१ किलो भार येईल, असं वाटतं. तसं फक्त दोन्ही पाय सरळ उभे असतील तरच होतं. पाय आडव्या रेषेशी ६० अंशांत असतील तर प्रत्येकावर सुमारे ५४४ किलो येतात, ४५ अंशांत ६६६ किलो, आणि ३० अंशांत पूर्ण ९४२ किलो. स्लिंग जितकी पसरट, तितका ताण जास्त. ६० अंशांच्या खाली जायचंच नाही, अशी सवय लावा. लांब स्लिंग घ्या.

आय बोल्टलाही हेच लागू. जर्मन मानक डीआयएन ५८० प्रकारचा एम १६ (१६ मिमी आट्यांचा) आय बोल्ट सरळ उभ्या ओढीला ७०० किलो घेतो, ४५ अंशांच्या ओढीला ५०० किलोच. म्हणजे वरच्या हिशेबातली ९४२ किलोची डाय ४५ अंशांच्या स्लिंगने दोन एम १६ वर टांगली तर ती क्षमतेबाहेर गेली. तिथे एम २० हवा, तो ४५ अंशांना ८६० किलो घेतो. आणि हे आकडे खरे ठरतात ते बोल्टची कॉलर डायच्या पृष्ठभागावर पूर्ण बसलेली असेल तरच. कॉलरखाली फट राहिली की बोल्ट वाकतो, डाय झटका देऊन कलते, आणि तिच्याजवळ जो हात असेल तो सापडतो.

सावधान: बाजारातला साधा वाकवलेला रॉड वेल्ड करून केलेली कडी आय बोल्ट म्हणून वापरू नका. कितीही जाड दिसली तरी.

चेन ब्लॉकची एक सोपी खूण लक्षात ठेवा. हाताची साखळी एका माणसाने आरामात ओढली गेली पाहिजे. दोघांना लोंबकळावं लागत असेल तर एकतर माल क्षमतेपेक्षा जड आहे किंवा ब्लॉक बिघडला आहे. तिसरा माणूस बोलावू नका, काम थांबवा.

## ३. हातात काय, हातावर काय

अंगठी, राशीचा खडा, कडं, घड्याळ, मनगटाचा दोरा, सगळं काढून कपाटात ठेवा. लग्नाची अंगठी काढायला बरेच जण तयार नसतात. पण अंगठी हुकात किंवा मशीनच्या कडेला अडकून हाताला झटका बसला, तर बोटाची कातडी मोजा उतरावा तशी उतरते. ती जखम साध्या ठेचल्यापेक्षा वाईट असते. अंगठी निघतच नसेल तर त्या माणसाला स्लिंग लावायच्या कामावर घेऊ नका, पेंडंटवर (क्रेन चालवायच्या लोंबत्या बटणांच्या पेटीवर) किंवा रस्ता मोकळा ठेवायला उभं करा.

हातमोजे घ्यावेत ते कामाप्रमाणे. युरोपीय मानक ईएन ३८८ चे मोजे घेतलेत तर त्यांच्यावर हातोडीचं चिन्ह, त्याखाली चार आकडे आणि मग अक्षरं असतात. चार आकडे घासणं, कापणं, फाटणं आणि टोचणं यांचे, त्यानंतरचं ए ते एफ हे अक्षर कापण्याच्या वेगळ्या चाचणीचं. शेवटी पी असेल तर मोज्याच्या पाठीवर आघात सोसणारं रबर आहे. स्लिंग लावायला असा मोजा चांगला. मात्र त्याची हद्द ओळखा. मोजा तारेच्या टोकापासून, धारेपासून, कडेच्या खरचटण्यापासून वाचवतो. अर्ध्या टनाखाली बोट गेलं तर कुठलाच मोजा कामाचा नाही.

तेलाने निथळलेले, एक साइझ मोठे मोजे नकोत. मोज्याचं रिकामं टोक बेल्टखाली अडकतं आणि बोट ओढून घेतं. उलट, काम संपवून लेथ किंवा ड्रिल चालू करताना हेच मोजे काढून ठेवा, फिरत्या स्पिंडलजवळ मोजा घातलेला हात जाऊ द्यायचा नाही.

याशिवाय तीन गोष्टी जवळ लागतात: मालाला बांधायच्या दोन दोऱ्या, प्रत्येकी तीन-चार मीटरच्या, ढकलायला आणि ओढायला टोकाला आकडा असलेली मीटरभर लांबीची काठी, आणि टॉर्च. काठी विकत मिळते, नाहीतर लाकडी दांड्याला रबर आणि आकडा लावून वर्कशॉपमध्येच तयार होते. ती क्रेनच्या खांबालाच टांगून ठेवा. स्टोअरमध्ये ठेवलेली काठी वेळेला कोणी आणायला जात नाही, हातच वापरला जातो.

## ४. माणसं आणि इशारे

इशारा देणारा एकच माणूस. तो माल आणि क्रेन ऑपरेटर दोघांनाही दिसेल अशा जागी उभा राहतो, आणि त्या वेळेपुरता मालाला हात लावत नाही. "थांब" म्हणण्याचा हक्क मात्र सगळ्यांना, कालच लागलेल्या हेल्परलासुद्धा.

शब्द आधी ठरवा. कुणी "वर-खाली" म्हणतं, कुणी "उचल-सोड", जुने खलाशी "हबेस-आरिया" म्हणतात, बाहेरून आलेली मुलं हिंदीत बोलतात. कुठलेही शब्द चालतील, पण सगळ्यांचे एक असले पाहिजेत. "घे" हा शब्द टाळा. एकाला तो वर घे वाटतो, दुसऱ्याला पुढे घे. हाताचे इशारेही बोलण्याबरोबर करा, कंप्रेसर चालू असताना शब्द पोचत नाहीत.

मी ज्या पद्धतीचा आग्रह धरतो ती अशी. इशारा देणारा "हात!" म्हणतो. जवळचा प्रत्येक जण दोन्ही तळवे खांद्याच्या उंचीला वर करून दाखवतो. सगळे तळवे मोजले की मगच ऑपरेटरला "मामा, बारीक वर". ऑपरेटरनेही तळवे दिसल्याशिवाय बटण दाबायचं नाही. सुरुवातीला लोकांना हे शाळेतल्या कवायतीसारखं वाटतं, आठवडाभरात अंगवळणी पडतं.

## ५. स्लिंग लावणं आणि ताण घेणं

इथे घाई करू नका. बोट जाण्याची पहिली जागा हीच.

नेहमी काय घडतं ते नीट बघा. डायला बेल्ट गुंडाळला आहे. कडा धारदार आहेत, म्हणून फिटर बेल्ट आणि कडेच्या मध्ये रबराचा तुकडा धरून उभा आहे, अंगठा बाहेर, चार बोटं आत. क्रेन वर जाऊ लागते. बेल्ट अजून सैल आहे, म्हणून त्याला हात काढावासा वाटत नाही, काढला तर रबर पडेल. पुढच्या अर्ध्या सेकंदात सैल बेल्ट ताठ होतो. हात काढायला तेवढा वेळ पुरत नाही.

यावर उपाय असा की रबर धरून ठेवायची गरजच ठेवायची नाही. क्रम पुढीलप्रमाणे:

1. हूक वजनाच्या मध्याच्या बरोबर वर आणा. तिरकी ओढ घेतली तर माल सुटताच झोका घेतो.
2. कोपऱ्याचं पॅकिंग बेल्टला चिकटपट्टीने किंवा सुतळीने बांधून टाका. अर्धा कापलेला पाईप असेल तर त्याला चुंबक लावून कडेवर बसवा.
3. बेल्ट हुकात घालताना हुकाचं तोंड मोकळ्या बाजूने धरा, बोट हुकाच्या पोटात नको. हुकाची खिट्टी बंद झाली का बघा.
4. लेथला बेल्ट लावताना बेल्ट लीड स्क्रू आणि फीड रॉडवर दाबला जाणार नाही असे लाकडी ठोकळे घाला आणि तेही बांधा. स्क्रू वाकेल या धास्तीने ताण येताना बेल्ट हाताने बाहेर ओढून धरणारे पुष्कळ आहेत.
5. दोऱ्या आत्ताच बांधा, माल वर गेल्यावर नाही.
6. "हात!" तळवे दाखवा. दोन पावलं मागे.
7. क्रेन टिचकी-टिचकीने वर, बेल्ट नुसता ताठ होईपर्यंत. थांबा.
8. बेल्ट सरकला असेल, पॅकिंग निसटलं असेल, तर आधी ताण पूर्ण सोडा. मग दुरुस्त करा. पुन्हा पायरी ६ पासून.

सावधान: ताठ बेल्टवर हाताने किंवा हातोडीने ठोकून तो जागेवर आणायचा नाही. गळफास लावलेल्या बेल्टची गाठ खाली दाबून बसवणं तर अजिबात नाही. ती गाठ आवळताना काय काय आत ओढून घेईल ते सांगता येत नाही.

आय बोल्टच्या डोळ्यात बोट घालून तो फिरवत असताना शॅकल अडकवलेली नसावी. बोल्ट पूर्ण बसला, कॉलर टेकली, की मगच शॅकल, आणि मगच हूक.

## ६. पहिली एक इंच उचल

माल जमिनीपासून फक्त एक इंच उचला आणि थांबा. पाच-दहा सेकंद नुसतं बघा. माल कलतो आहे का? क्रेन किंवा चेन ब्लॉक हळूहळू खाली सरकतो आहे का? सरकत असेल तर ब्रेकमध्ये दोष आहे, माल खाली ठेवा आणि काम बंद.

कलत असेल तर वर दाबून, खांदा लावून, "एक माणूस इकडे उभा राहू दे" असं करून तोल साधायचा नाही. माल खाली ठेवा, स्लिंग सरकवा, परत एक इंच. लेथला दोन-तीनदा असं करावं लागतं. तेवढा वेळ महिनाअखेरच्या डिस्पॅचच्या दिवशीसुद्धा काढायचाच.

मालाच्या तळाला चिकटलेली माती, चिप्स, तेलाचा लगदा याच वेळी दिसतो आणि कुणीतरी फडकं घेऊन वाकतं. तळ साफ करायचा असेल तर माल भक्कम स्टँडवर ठेवून, स्लिंग तशीच ताठ ठेवून, लांब दांड्याच्या ब्रशने करा.

## ७. नेताना

माल जितका कमी उंचीवर नेता येईल तितका न्या, गुडघ्याच्या खालीच. ढकलायला तळवा मालाला टेकवू नका. माल आणि खांब, माल आणि दुसरं मशीन यांच्यामध्ये कधी उभे राहू नका. झोका दोरीने आवरा. दोरी मनगटाला किंवा बोटाला गुंडाळायची नाही, नुसती मुठीत धरायची, म्हणजे वेळ आली तर सोडता येते.

मध्येच वीज गेली तर क्रेनचा ब्रेक माल धरून ठेवतो. ऑपरेटरने लगेच पेंडंटचं बंद बटण दाबावं, नाहीतर वीज परत आली की क्रेन अचानक हलू शकते. मालाभोवती जागा अडवा आणि वाट बघा. लटकत्या मालाखाली पट्ट्या रचून त्याला "आधार" द्यायला जाऊ नका, पट्टी रचणारा हातच खाली असतो.

## ८. खाली ठेवताना

बोट जाण्याची दुसरी जागा. काम संपत आल्याने सगळे सैलावलेले असतात. प्रत्येक टप्प्यावर क्रेन पूर्ण थांबली पाहिजे.

पट्ट्यांच्या वर चार इंचांवर थांबा. झोका पूर्ण थांबू द्या. दिशा जुळवायची असेल तर दोरीने किंवा काठीने. हाताने फिरवायचंच असेल, तर माल याच उंचीवर असताना, बाजूच्या सपाट पृष्ठभागावर उघडा तळवा ठेवून. कडेला बोटं वळवून पकडायचं नाही.

पट्ट्यांच्या वर दोन इंचांवर थांबा. पट्ट्या बरोबर खाली आहेत का, टॉर्च मारून बघा. सरकवायची असेल तर काठीने, किंवा बाहेर आलेल्या टोकाला धरून. टोक धरतानाही अंगठा आणि बोटं पट्टीच्या दोन बाजूंना ठेवा. वर-खाली धरलीत तर पट्टी दाबली जाताना बोटंही दाबली जातात.

"हात!" तळवे मोजा. मग टेकवा.

टेकल्यावर स्लिंग लगेच सोडू नका. थोडा ताण राहू द्या. माल डुगडुगतो का बघा. एक पट्टी जाड, एक बारीक असेल तर तो आत्ता कलेल. कलला तर परत दोन इंच वर, पट्टी बदला.

मग ताण पूर्ण सोडा, हूक इतका खाली आणा की बेल्ट हातात सैल लोंबेल. त्यानंतर हूक काढा. मालाखालचा बेल्ट क्रेननेच ओढून काढायची पद्धत सर्रास आहे. ती बंद करा. बेल्ट तळाला अडकला तर माल उलथतो, नाही अडकला तर बेल्टचं टोक चाबकासारखं सुटतं. चार इंचांची पट्टी घातली असेल तर तो हाताने आरामात निघतो.

## ९. भोकं जुळवणं

डाय प्रेसच्या बेडवर, मशीन फाउंडेशन बोल्टवर, मोटर बेसप्लेटवर बसवताना भोक जुळलं की नाही हे करंगळीने चाचपायची सवय फार जुनी आहे. माल जरा सरकला की भोक कात्रीचं काम करतं आणि बोटाचं टोक आतच राहतं.

भोकात फक्त लोखंड घाला: निमुळता टॉमी बार, डॉवेल किंवा मार्गदर्शक पिन. दोन लांब स्टड आधी बसवून ठेवले तर मशीन त्यांच्यावरून घसरत आपोआप जागेवर येतं. खाली काय दिसतं ते बघायला टॉर्च आणि छोटा आरसा वापरा. लेव्हलिंग पॅड किंवा शिम (उंची जुळवायचा पातळ पत्रा) घालताना मशीन जॅकवर नुसतं धरलेलं नको, शेजारी ठोकळे भरलेले हवेत. शिम पातळ पट्टीने किंवा चिमट्याने आत ढकला.

## १०. क्रेन नसेल तेव्हा

छोट्या शेडमध्ये पहार, पाईपचे रूळ आणि बॉटल जॅक यांच्यावरच काम चालतं. तिथले मुख्य धोके एवढे:

- पहारीने कड उचलणारा एक, पट्टी सरकवणारा दुसरा, आणि पट्टी सरकवायची ती काठीने. पहार निसटली तर मशीन पूर्ण वजनाने बसतं.
- जॅकने जेवढं वर जाल, तेवढे ठोकळे लगेच भरत जा. नुसत्या जॅकवर उभ्या मशीनखाली काहीही करायचं नाही.
- जॅक किंवा होजमधून तेल झिरपत असेल तर बोट फिरवून गळती शोधू नका. दाबाखालचं तेल कातडीतून आत शिरतं. बाहेर टाचणीएवढं भोक दिसतं, दुखतही नाही, आणि काही तासांत हात आतून खराब होऊ लागतो. पुठ्ठ्याचा तुकडा धरून गळती शोधा.
- रूळ मशीनच्या दोन्ही बाजूंना बाहेर येतील एवढे लांब घ्या. तिरका झालेला रूळ हातोडीने ठोकून सरळ करा. पाईपच्या तोंडात बोटं घालून तो फिरवू नका.
- पॅलेट ट्रकवर माल नेताना दाराच्या चौकटीतून जाताना हात मालाच्या बाजूला नको, हँडलवरच हवा.

## ११. बोट सापडलंच तर

हात अडकलेला असताना तो ओढू नका आणि ओढू देऊ नका. इशारा देणाऱ्यानेच सूचना द्यायच्या, क्रेन टिचकीने सरळ वर घ्यायची, आणि हात सुटेपर्यंत कोणीही मधे पडायचं नाही.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड किंवा ड्रेसिंग लावून घट्ट दाबा आणि हात हृदयाच्या वर उचलून धरा. मशीन पुसायचं वेस्ट कॉटन जखमेवर बांधू नका. त्यातलं तेल आणि धागे जखमेत जातात. हळद, चुना, कॉफी पावडरही नको. दुसऱ्या बोटात अंगठी राहिली असेल तर सूज येण्याआधी काढा. ऑपरेशन लागू शकतं, म्हणून खायला-प्यायला काही देऊ नका, चहासुद्धा नाही.

बोट तुटलं असेल तर तुकडा शोधा, मोजा कापून आत बघा. तो मीठपाण्यात, म्हणजे सलाइनमध्ये, ओलसर केलेल्या स्वच्छ गॉजमध्ये गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा, आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. तुकडा थेट बर्फावर ठेवला तर पेशी गोठून मरतात, पाण्यात बुडवला तर फुगतो. दोन्ही चुका तुटलेलं बोट जोडण्याची शक्यता घालवतात.

कुठे न्यायचं हे आजच ठरवून ठेवा. हाताची किंवा प्लास्टिक सर्जरी करणारे डॉक्टर असलेलं जवळचं रुग्णालय कोणतं, त्याचा नंबर पेंडंटजवळ आणि सिक्युरिटीच्या टेबलावर चिकटवा. निघतानाच फोन करा. गाडी नसेल तर १०८. गल्लीतल्या दवाखान्यात टाके घालून मग मोठ्या ठिकाणी नेण्यात मोलाचे तास जातात. तेल शिरल्याची शंका असेल तर जखम कितीही लहान दिसो, डॉक्टरांना "दाबाखालचं हायड्रॉलिक तेल आत गेलं आहे" असं स्पष्ट सांगा.

कातडी फुटली नाही म्हणून ठेचलेला हात घरी पाठवू नका. हात कडक होत जाणं, बोटं सुन्न किंवा पांढरी पडणं, बोट सरळ करताना कळ जाणं, वेदना तासागणिक वाढत जाणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच रात्री रुग्णालय. सूज आतल्या आत रक्तपुरवठा बंद करते. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं हे विचारा.

अपघाताची नोंद त्याच दिवशी रजिस्टरमध्ये करा आणि कामगार ईएसआयमध्ये (कामगार राज्य विमा योजनेत) असेल तर तिथे अपघाताचा अहवाल पाठवा, जखम किरकोळ वाटली तरीही. बोटाचं एक पेरं गेलं तरी कायमच्या अपंगत्वाच्या लाभाचा हक्क येऊ शकतो, आणि नोंदच नसेल तर पुढे ती जखम कामावर झाली होती हे सिद्ध करता करता त्या कामगाराची दमछाक होते. नोंदीत "हाताला लागलं" एवढंच लिहू नका. कोणतं बोट, माल किती उंचीवर होता, हात तिथे कोणत्या कामासाठी गेला होता, हे लिहा. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की पुढच्या उचलीच्या आधी काय बांधायचं, काय लांब करायचं आणि कुठली काठी लागणार ते कळतं.